गेम मधेच बंद पडतो: ड्रायव्हर बदलू, एसएमपीएस बदलू की कार्ड?

"फॉरमॅट मारून टाक." घरच्या पीसीवर गेम बंद पडायला लागला की पहिला सल्ला हा. दुसरा, "ग्राफिक्स कार्ड गेलंय, नवीन घे." एकात रविवार जातो, दुसऱ्यात वीस-तीस हजार रुपये. या दोन्हींच्या अलीकडे बऱ्याच स्वस्त वाटा आहेत, आणि आधी कोणती धरायची हे गेम कसा बंद पडतो त्यावरून बऱ्यापैकी कळतं.

गेम एकदम नाहीसा झाला आणि समोर डेस्कटॉप आला, बाकी पीसी ठणठणीत, ही एक तऱ्हा. दुसरीत स्क्रीन दोन-तीन सेकंद काळी होते आणि परत येते. ही विंडोजचीच करणी. कार्डाने साधारण दोन सेकंदांत दिलेलं काम पुढे सरकवलं नाही, तर ते अडकलंय असं समजून विंडोज ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, नव्याने चालू करतं. ही सोय व्हिस्टापासून आहे. तिसरी तऱ्हा म्हणजे लाइट गेल्यासारखा अख्खा पीसी बंद होऊन पुन्हा सुरू होतो, निळी स्क्रीनसुद्धा दिसत नाही.

इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत, विंडोज लॉग्जच्या सिस्टीम भागात, गेम पडला त्या मिनिटाच्या नोंदी बघा. 'डिस्प्ले'ची ४१०१ क्रमांकाची नोंद म्हणजे ड्रायव्हर अडकून सावरला. 'कर्नल-पॉवर ४१' दिसली की लोक थेट एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) घ्यायला निघतात, पण ती नोंद एवढंच सांगते की पीसी नीट शटडाउन झाला नव्हता. खरोखर लाइट गेली तरी तीच येते.

पहिल्या दोन तऱ्हांमध्ये मी ड्रायव्हरपासून सुरुवात करतो. तिथेही तीन पर्याय आहेत. आहे त्यावरच नवा ड्रायव्हर टाकणं दहा मिनिटांचं काम, पण जुन्यातलं बिघडलेलं काही मागे राहिलं असेल तर फरक पडत नाही. अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर उलटं जा: डिव्हाइस मॅनेजरमधून रोलबॅक करा, किंवा कंपनीच्या साइटवरून आधीची आवृत्ती उतरवून टाका. (मी तर अपडेट केलंच नाही, असं म्हणण्याआधी विंडोज अपडेटचा इतिहास उघडून बघा. तेही परस्पर ड्रायव्हर बसवतं.) तिसरा पर्याय डीडीयूचा (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर). नेट बंद करून सेफ मोडमध्ये हे फुकटचं साधन जुना ड्रायव्हर मुळासकट काढतं, मग आधीच उतरवून ठेवलेला नवा बसवायचा. अर्ध्या-पाऊण तासात होतं. फॉरमॅट की डीडीयू असा प्रश्न असेल तर माझं मत डोळे झाकून डीडीयूला. फॉरमॅटनंतर तोच ड्रायव्हर, तोच एसएमपीएस, तेच कार्ड राहतं आणि वर शंभर जीबीचा गेम पुन्हा डाउनलोड करायचा.

ड्रायव्हरला कमी लेखू नका. सप्टेंबर २०२०मध्ये एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०८० हे कार्ड बाजारात आलं आणि पहिल्याच दिवसांत अनेकांचे गेम डेस्कटॉपवर येऊन आपटू लागले. नेटवर सगळा दोष कार्डावरच्या कपॅसिटरना दिला जात होता. तो वाद रंगात असतानाच एनव्हिडियाचा ४५६.५५ हा ड्रायव्हर आला आणि बऱ्याच जणांचा त्रास थांबला.

रजिस्ट्रीत जाऊन ती दोन सेकंदांची मुदत दहावर न्या, असंही कुणीतरी सुचवतं. थ्रीडी रेंडरिंगच्या लांबलचक कामाला त्याचा उपयोग होतो. गेममध्ये मात्र गोठलेली स्क्रीन जरा जास्त वेळ बघायला मिळते, एवढंच.

ड्रायव्हरने भागलं नाही, किंवा पीसी तिसऱ्या तऱ्हेने बंद पडत असेल, तर खरेदीआधी एक फुकटची परीक्षा घ्या. ड्रायव्हरच्या पॅनेलमधून एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) ६०वर बांधा, आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा, ओव्हरक्लॉक (वाढवलेला वेग) असेल तर काढा आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंग्जमध्ये, रॅमचं एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करा. सगळं एकदम करू नका, नाहीतर कशाने गुण आला ते कळणार नाही. एक्सएमपी बंद करून गेम टिकला तर संशय रॅमवर. पॉवर लिमिट उतरवून टिकला तर उष्णता, एसएमपीएस किंवा कार्ड. उष्णतेचं लगेच बघता येतं: एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्राम चालू ठेवून खेळा आणि कॅबिनेटमधली धूळ झाडा.

एसएमपीएस की कार्ड, इथे बहुतेकांचे पैसे चुकीच्या जागी जातात. माझ्या भाच्याच्या पीसीत आरटीएक्स ३०६० होतं आणि कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस. रेसिंगचा गेम दहा मिनिटं चालायचा आणि पीसी रीस्टार्ट. "मामा, कार्डच गेलंय," हे त्याने ठरवूनच टाकलं होतं. मी झाकण काढून एसएमपीएसचं स्टिकर वाचलं. ठळक अक्षरांत ४५० वॅट, आणि खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर. अठरा गुणिले बारा म्हणजे २१६ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर जवळजवळ सगळी वीज या १२ व्होल्टवरच घेतात. कार्डाचे १७० वॅट आणि प्रोसेसरचे ६५ धरले तर कागदावरच बेरीज २३५ होते. त्यात कार्ड क्षणभर उसळून जास्त ओढतं, ते वेगळंच. एनव्हिडिया या कार्डाला ५५० वॅटचा एसएमपीएस सांगते. एफपीएस ६०वर बांधल्यावर गेम संध्याकाळभर चालला. दुसऱ्या दिवशी मित्राचा ६५० वॅटचा एसएमपीएस आणून लावला आणि बंधन काढलं, तरी काही झालं नाही. चार-पाच हजारांत प्रश्न मिटला. आता जुना एसएमपीएस माळ्यावर आहे. दुकानदार "चालतोय की हा" म्हणत परत घेईना.

उसना एसएमपीएस लावताना एक पाळा: मोड्युलर (केबल काढता-घालता येणारा) असेल तर त्याच्यासोबतच्याच केबल वापरा. दोन कंपन्यांच्या केबल सॉकेटात बसतात, पण आतली जोडणी वेगळी असू शकते आणि चालू केल्यावर हार्ड डिस्कसकट काहीही जळू शकतं.

चित्रात रंगीत चौकोन किंवा आडव्या-उभ्या रेघा दिसत असतील, आणि त्याही बायोसच्या स्क्रीनवर, तर आधी केबल आणि मॉनिटर बदलून बघा. तरी राहिल्या तर संशय कार्डावरच; तिथे विंडोजचा ड्रायव्हर अजून चालूच झालेला नसतो. वॉरंटी असेल तर उघडू नका, सरळ क्लेम करा. वॉरंटी संपली असेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत चौकशी करता येते, पण चिपला नुसती 'हीट देऊन' चालू केलेलं कार्ड पुन्हा कधी मान टाकेल याचा भरवसा नाही. त्यावर मी पैसे घालणार नाही.

कार्डावर खर्च करण्याआधी प्रोसेसर इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचा वरच्या दर्जाचा आहे का, ते बघाच. गेम 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी' म्हणतो आणि कार्डाची मेमरी तर अर्धी रिकामी! २०२४मध्ये इंटेलने मान्य केलं की हे प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे खराब होतायत. बायोस अपडेट आला, वॉरंटी तीनची पाच वर्षं झाली. अपडेटने पुढचं नुकसान टळतं, झालेलं भरून येत नाही. तिथे प्रोसेसर बदलून मागायचा.

आणि सेकंडहँड कार्ड घ्यायचंच ठरलं तर जपून. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या आभासी चलनाचं कार्डांवर चालणारं मायनिंग थांबलं आणि दिवसरात्र राबलेली कितीतरी कार्डं जुन्या बाजारात आली. विकणारा "चालू करून दाखवतो" म्हणतो आणि डेस्कटॉप दाखवतो. तुम्ही अर्धा तास गेम लावायला सांगा, तोपर्यंत चहा घ्या, आणि नजर स्क्रीनवर ठेवा.