रबाळे एमआयडीसीतलं गॅस मीटरचं कॅलिब्रेशन : डोळ्यांदेखत तपासून देतात

माझं टाक्या साफ करायचं कंत्राट आहे. महापे, पावणे, तुर्भे पट्ट्यातल्या कंपन्यांच्या ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेच्या) टाक्या, संप म्हणजे पाणी साठायच्या जमिनीखालच्या टाक्या, गाळाचे खड्डे. पोरं आत उतरतात, त्यामुळे टाकीतल्या हवेत कुठला गॅस किती आहे ते दाखवणाऱ्या गॅस मीटरचा मान आमच्याकडे हेल्मेटच्याही आधी. हे मीटर बरोबर आकडा दाखवतात का ते तपासून देणारा, म्हणजेच कॅलिब्रेशन करणारा, एक छोटा गाळा रबाळेला, ठाणे-बेलापूर रोडवरून आत वळलं की लागतो. टाकीत माणूस उतरवणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत असावा, म्हणून लिहितोय.

आधी मी ज्यांच्याकडे मीटर द्यायचो ते कुरिअरने न्यायचे आणि नवं स्टिकर लावून परत पाठवायचे. कुठल्या गॅसवर तपासला, तपासला तरी का, कळायला काही मार्गच नाही. कंपनीच्या गेटवर स्टिकरवरची तारीख बघतात आणि आत सोडतात, त्यामुळे कोणाचंच अडत नाही. मला ते कायम खटकायचं.

इथले काका मीटर आपल्यासमोर टेबलावर ठेवतात. आधी सिलिंडरची एक्स्पायरी दाखवतात, मगच नळी जोडतात. सिलिंडरमध्ये चार गॅसचं मिश्रण असतं : ऑक्सिजन १८ टक्के, मिथेन स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या (हवेत ज्या कमीत कमी प्रमाणाला भडका उडू शकतो त्याच्या) ५० टक्के, कार्बन मोनॉक्साइड १०० पीपीएम (दहा लाख भागांत १०० भाग) आणि हायड्रोजन सल्फाइड २५ पीपीएम. मीटरवर तेच आकडे यायला हवेत. माझ्या मीटरचा ऑक्सिजन मोकळ्या हवेतल्या २०.९ वरून उतरून १८ वर थांबला, मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइडही जागेवर आले. हायड्रोजन सल्फाइड मात्र रेंगाळत ११, मग १४, आणि तिथेच अडकला. अलार्म १० ला लावलेला, त्यामुळे तो वाजत होता. मी म्हटलं, वाजतोय की. काका म्हणाले, "भाऊ, पंचवीस असताना हा चौदा दाखवतोय. टाकीत सोळा असेल तेव्हा नऊ दाखवून गप्प बसेल. सेन्सर बदला, त्याशिवाय स्टिकर देणार नाही." आणि मीटरवरच्या जुन्या स्टिकरची मुदत तेव्हा संपलेलीसुद्धा नव्हती!

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांना चौदा आणि पंचवीसमधला फरक किरकोळ वाटेल. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, टाकीच्या तळाशी साचतो. वरून सगळं ठीक दिसतं, पण गाळात फावडं घातलं की भसकन बाहेर येतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण १०० पीपीएमच्या आसपास गेलं की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो, आणि माणसाला वाटतं गॅस गेला. आतला कोसळला की वरचा त्याला काढायला तसाच उडी मारतो. एका टाकीत दोघं-तिघं जातात ते असे. आत उतरण्याआधी जाणकार माणसाने स्वतः गॅस तपासून लेखी द्यावं, हे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ३६ मध्येच होतं. पण तपासणारा मीटरच खोटं बोलत असेल तर त्या लेखी कागदाला काय अर्थ?

काका शिकवतातही मनापासून. माझ्या दोन पोरांना त्यांनी समोर उभं करून दाखवलं : मीटर नेहमी मोकळ्या हवेत चालू करायचा. टाकीत नळी सोडून वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी बघायचं, आणि नळी लांब असेल तर आकडा यायला वेळ द्यायचा. मीटरजवळ सिलिकॉनचा स्प्रे मारायचा नाही, त्याने स्फोटक गॅसचा सेन्सर मरतो आणि पडद्यावर शून्य दिसत राहतं. हे शेवटचं मलाही नवीन होतं. आमच्याकडे मीटर आणि स्प्रेचा डबा एकाच पेटीत असायचे. आता वेगळे ठेवतो.

कमी बाजूही सांगतो. एनएबीएलचा, म्हणजे राष्ट्रीय मंडळाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेचा, कागद इथे मिळत नाही. काही कंपन्या तोच मागतात, तेव्हा आधी सेफ्टी ऑफिसरला विचारून घ्या. पैसे कुरिअरवाल्यांपेक्षा थोडे जास्त जातात. सेन्सर मागवावा लागला तर मीटर अडकून पडतो. भाड्याने द्यायला त्यांच्याकडे मीटर आहेत, पण मोजकेच, आणि शटडाऊनच्या दिवसांत, म्हणजे कंपन्या दुरुस्तीसाठी बंद असतात तेव्हा, एकही शिल्लक नसतो. माणसाला टाकीतून वर ओढायची तिपाई आणि दोराचं चाक (ट्रायपॉड आणि विंच) ते ठेवतच नाहीत, ते मला दुसरीकडून आणावं लागतं. सर्टिफिकेट इंग्रजीत असतं. मी सांगितल्यावर काकांनी अलार्मचे आकडे मराठी आणि हिंदीत एका कार्डावर लिहून दिले (ऑक्सिजन १९.५ च्या खाली गेला की बाहेर, हायड्रोजन सल्फाइड १० झाला की बाहेर), पण प्रत्येक मीटरसोबत असं कार्ड त्यांनी स्वतःहून द्यायला हवं.

जाणार असाल तर सकाळी जा आणि मीटर पूर्ण चार्ज करून न्या. कुणाच्या हाती पाठवू नका, स्वतः समोर बसा, आणि टाकीत उतरणाऱ्यांपैकी एकाला तरी सोबत घ्या.