युरॉलॉजीचं पोस्टिंग: मोठ्या ओटीपेक्षा मायनर ओटीत जास्त मिळतं

एमबीबीएसला युरॉलॉजी स्वतंत्र विषय म्हणून नाही. २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमातही तो सर्जरीच्याच पोटात आहे: मूत्रसंस्थेचे आजार एसयू २९ (सर्जरीचा २९वा घटक) मध्ये, लिंग आणि वृषणाचे एसयू ३० मध्ये. म्हणजे प्रत्यक्ष रुग्णांवर शिकायची संधी तीनदाच येते. सर्जरीच्या पोस्टिंगमधले युरॉलॉजीचे मोजके दिवस, तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या भागानंतरचं इलेक्टिव्ह (आपण स्वतः निवडलेल्या विभागातलं पोस्टिंग), आणि इंटर्नशिप. इथे डोळ्यांसमोर आहेत ती एमसीएचचे (युरॉलॉजीच्या सुपरस्पेशालिटी पदवीचे) रेसिडेंट असलेली मोठी सरकारी आणि महापालिकेची रुग्णालयं.

सगळ्यांना आकर्षण असतं मोठ्या ओटीचं (ऑपरेशन थिएटरचं), आणि विद्यार्थ्याला सगळ्यात कमी तिथेच मिळतं. दुर्बिणीची शस्त्रक्रिया मॉनिटरवर चालते, मॉनिटरसमोर रेसिडेंट असतात, सी-आर्म (ओटीतलं एक्स-रे यंत्र) चालू झाला की लेड एप्रन नसलेल्यांना बाहेर जावं लागतं. एक पीसीएनएल (पाठीतून सुई घालून मूत्रपिंडातला खडा काढणं) आणि एक टीयूआरपी (मूत्रमार्गातून दुर्बीण घालून वाढलेला प्रोस्टेट कापणं) सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावी, तेवढं पुरे. पण तयारीने पाहावी. पीसीएनएलच्या आदल्या दिवशी त्याच रुग्णाचा सीटी स्वतः बघून खडा मूत्रपिंडाच्या कुठल्या कप्प्यात (कॅलिक्समध्ये) आहे ते कागदावर काढा, मग सुई कुठून आणि का घातली ते कळेल. टीयूआरपीला आतली जागा धुण्यासाठी स्टँडवर लटकवलेल्या बाटल्यांवर काय लिहिलंय ते वाचा. कापायची वीज मोनोपोलर असेल तर बहुतेकदा १.५ टक्के ग्लायसीन, बायपोलर असेल तर सलाइन. ग्लायसीन उघड्या शिरांतून रक्तात शोषलं गेलं की सोडियम उतरतं आणि स्पायनल (कमरेखालची भूल) दिलेला रुग्ण टेबलावरच अस्वस्थ होऊन असंबद्ध बोलायला लागतो. हे एकदा बाटलीपाशी उभं राहून समजलं की परीक्षेत घोकावं लागत नाही.

मायनर ओटीला (छोट्या कामांच्या खोलीला) मात्र पैकीच्या पैकी गुण. कॅथेटर (लघवीची नळी) बदलणं, डीजे (मूत्रवाहिनीत ठेवलेला स्टेंट) काढणं, ब्लॅडर वॉश, सुप्राप्युबिक (ओटीपोटातून थेट ब्लॅडरमध्ये टाकलेला कॅथेटर) या सगळ्या गोष्टी सकाळभर चालू असतात, आणि मदतीला हात हवेच असतात. पुरुष रुग्णाला कॅथेटर टाकणं नीट शिकलात तर पोस्टिंग वसूल झालं. कॅथेटरचा नंबर फ्रेंचमध्ये असतो; १ फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, त्यामुळे १६ नंबरची जाडी सव्वापाच मिलिमीटरच्या जरा वर जाते. कॅथेटर आत टिकावा म्हणून टोकाशी जो बलून फुगवतात, त्याच्या व्हॉल्व्हचा रंग लक्षात ठेवा: १४ हिरवा, १६ केशरी, १८ लाल.

चुका ठरलेल्या असतात. पहिली घाईची. झायलोकेन (बधिर करणारी) जेली कॅथेटरच्या टोकाला फासून भागत नाही, १० मिली थेट मूत्रमार्गात सोडून ३ ते ५ मिनिटं थांबावं लागतं. दुसरी चूक, लघवीचा थेंब दिसला की लगेच बलून फुगवणं. कॅथेटर बाहेरच्या टोकाला जिथे दुभंगतो त्या फाट्यापर्यंत आत गेला पाहिजे, नाहीतर बलून प्रोस्टेटच्या भागातच फुगतो, रुग्ण किंचाळतो आणि रक्त येतं. पूर्ण आत जाऊनही लघवी आली नाही तर बहुधा जेलीने छिद्र बुजलेलं असतं. ओटीपोट हलकेच दाबा किंवा सिरिंजने ओढून पाहा, पण लघवी दिसेपर्यंत बलूनला हात लावू नका. बलूनमध्ये डिस्टिल्ड वॉटरच भरा. सलाइनचे स्फटिक जमले तर काढताना बलून रिकामा होत नाही. आणि शेवटी फोरस्किन पुढे ओढायला विसरू नका; मागेच राहिली तर संध्याकाळपर्यंत पॅराफायमोसिस (मागे अडकून सुजलेली फोरस्किन) होऊन बसतो.

नवख्याला न सुचणारी गोष्ट अशी की प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांना १६ नंबर अडला तर १२ घेऊन उपयोग नसतो. बारीक कॅथेटर मऊ पडतो आणि आत गुंडाळतो. तिथे १८ चा किंवा वाकड्या टोकाचा कॅथेटर, टोक वर ठेवून, जास्त सहज जातो. बारीक नंबर लागतो तो स्ट्रिक्चरला (मूत्रमार्ग आकसलेला असेल तर). हा फरक केवळ वाचून हातात उतरत नाही, म्हणून दोन्ही प्रकारचे रुग्ण बघायला मिळतील असं विभागात सांगून ठेवा.

स्किल लॅबचा पुतळा उपयोगी आहे, पण मर्यादित. निर्जंतुक हात आणि निर्जंतुक नसलेला हात यांची सवय तिथेच लावावी. मात्र पुतळ्याचा स्फिंक्टर (लघवी रोखणारा स्नायू) आवळत नाही, त्याला दुखत नाही, आणि वंगण कमी पडलं की रबराला रबर घासून खोटाच अडथळा जाणवतो. गुदद्वारातून बोटाने करायच्या प्रोस्टेटच्या तपासणीचंही तेच. अभ्यासक्रमात ती पुतळ्यावर करून दाखवली तरी चालते. आमच्या मते हे अपुरं आहे. नाकाच्या शेंड्यासारखी रबरी गाठ आणि मुठीच्या हाडासारखी टणक गाठ यांतला फरक रुग्णाची परवानगी घेऊन, सीनियरच्या देखरेखीखाली, चार-पाच जणांत तरी बोटाला कळला पाहिजे.

ओपीडी ठीक. गर्दीत शिकवायला कोणाला वेळ नसतो, पण युरोफ्लोच्या (लघवीच्या धारेचा वेग मोजण्याच्या) खोलीत बसलं तर आलेख वाचता येतो. लघवी १५० मिलीहून कमी झाली असेल तर आलेखावर विसंबू नये, हे तिथल्या सिस्टरही सांगतील.

वॉर्डात संध्याकाळी थांबा. टीयूआरपीनंतरच्या थ्री-वे कॅथेटरचं (ब्लॅडर सतत धुण्यासाठी पाणी आत सोडायचा वेगळा मार्ग असलेल्या कॅथेटरचं) पाणी चालू आहे पण युरोबॅग भरत नाही, असा रुग्ण सापडला तर आधी येणारं पाणी बंद करायचं, मग मोठ्या सिरिंजने गुठळ्या ओढून काढायच्या. उलट केलं तर ब्लॅडर ताणत जातो. इंटर्नला रात्रीच्या कॉलवर एवढं आलं तरी रुग्णाला तासभर कमी सोसावं लागतं. अपघातात ओटीपोटाचं हाड मोडलंय आणि मूत्रमार्गाच्या तोंडाशी रक्त दिसतंय, तर कॅथेटरला हात न लावता सीनियरला बोलवायचं, हेही इथेच पक्कं करून घ्या.

इलेक्टिव्हसाठी विभाग निवडताना आधी तीन गोष्टी विचारा: मायनर ओटी रोज चालते का, विद्यार्थ्याला एक ठरलेला रेसिडेंट मिळतो का, आणि लॉगबुकवर सही प्रत्यक्ष केलेल्या कामाची होते की हजेरीची. तिसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा विभाग बघा.