मेलवरचा पत्ता खरा, खाते चोराचे: ६,८४,५०० रुपये गेले

लातूर एमआयडीसीत आमची डाळ मिल आहे. नवी तूर यायच्या आत डाळ निवडणारे सॉर्टेक्स मशीन बसवावे म्हणून कोइमतूरच्या एका पुरवठादाराशी मेलवर व्यवहार चालू होता. ॲडव्हान्स रीतसर पोहोचला होता. मग ‘ऑडिटमुळे जुने खाते बंद आहे, उर्वरित रक्कम सोबतच्या खात्यात भरावी’ असा मेल आला. पुढचे वाचकांना सांगायला नको. मी ६,८४,५०० रुपये आरटीजीएस केले.

पत्ता पाहिला नाही का, असे जो तो विचारतो. पाहिला होता, आणि अक्षर न् अक्षर बरोबर होता; खाली आमच्याच प्रोफॉर्मा बिलाचा क्रमांकही होता, म्हणजे दोघांपैकी कोणाचा तरी मेलबॉक्स आधीच फुटलेला होता. (पासवर्ड आजच बदला.) प्रेषकाचा पत्ता पाकिटावरच्या नावासारखा कोणीही काहीही लिहू शकतो. खोट होती ती ‘रिप्लाय-टू’ या हेडरमध्ये (मेलसोबतच्या तांत्रिक ओळींपैकी, उत्तर कोणत्या पत्त्यावर जाईल ते सांगणारी ओळ), आणि आमचा मेल प्रोग्राम प्रेषक, विषय व तारीख यांपलीकडे काही दाखवतच नव्हता.

मला डाचते ते मात्र वेगळेच. खात्री करावी म्हणून मी त्याच मेलला उत्तर लिहायला घेतले, तेव्हा ‘टू’च्या चौकटीत आपोआप आलेल्या पत्त्यात कंपनीच्या नावातल्या ‘आय’च्या जागी ‘एल’ होता. तो माझ्या डोळ्यांसमोर होता. पण काट्यावर गाडी उभी, हमाल खोळंबलेले, अशा वेळी आपोआप भरलेला पत्ता कोण वाचतो? ‘होय, खाते बरोबर आहे’ असे उत्तर चोरानेच दिले. खात्री करायची ती फोनवर, आणि तीही जुन्या बिलावरच्या नंबरवर.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदली गेली, एवढेच समाधान. पोलीस ठाण्यात मेलची प्रिंट मागितली. त्या प्रिंटमध्ये चोराला जे दाखवायचे होते तेवढेच उमटले. मग ‘आम्हाला फॉरवर्ड करा’ म्हणाले. साध्या फॉरवर्डमध्ये मूळ हेडर राहत नाहीत, ईएमएल फाइल (हेडरसकट जतन केलेला मूळ मेल) घ्या, हे तक्रारदारानेच साहेबांना समजावायचे! ठाणे सायबर कक्षाकडे बोट दाखवते, कक्ष म्हणतो खाते परराज्यातले आहे, आणि बँक म्हणते क्रमांक तुम्हीच लिहिला. १ एप्रिल २०२५ पर्यंत आरटीजीएसपूर्वी लाभार्थ्याचे नाव पडताळण्याची सोय द्यावी, शाखेतही द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने बजावलेले असताना आमच्या काउंटरवर ते नाव मला कोणी दाखवले नाही.

मी आता थंडरबर्ड हा मेल प्रोग्राम वापरतो. त्यात ‘व्ह्यू’मधील ‘हेडर्स’ ‘ऑल’ वर ठेवले, की ‘रिटर्न-पाथ’ (न पोहोचलेला मेल परत जाण्याचा पत्ता) व ‘ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स’ (प्रेषकाच्या पडताळणीचा निकाल) समोर येतात. जीमेलमध्ये तीन ठिपक्यांखाली ‘शो ओरिजिनल’ आहे. तेथे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरोखर त्या डोमेनवरून, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावावरून, आला का हे तपासणाऱ्या चाचण्या) यांपुढे ‘फेल’ दिसले तर हात आखडता घ्या. मात्र हुबेहूब दिसणारे डोमेन चोराने स्वतः विकत घेतले असेल तर तेथे ‘पास’च दिसेल. ‘रिसीव्हड’च्या ओळी (मेल कोणकोणत्या सर्व्हरमधून आला त्याची नोंद) खालून वर वाचाव्यात, पण तळच्या ओळी बनावट असू शकतात; विश्वास आपल्या सर्व्हरने जोडलेल्या ओळींवरच.

आम्हाला आलेला तो मेल डीमार्कमध्ये नापास होता. तरी तो इनबॉक्समध्ये आला, कारण पुरवठादाराने आपल्या डोमेनचे धोरण ‘नन’ (नापास मेलही अडवू नका) ठेवले होते. हे मी त्याला फोनवर ऐकवले. त्याचे म्हणणे एवढेच की त्याच्या खात्यात काही जमा नाही, आणि ६,८४,५०० रुपये आल्याशिवाय मशीन निघणार नाही.