प्रतिपिंड शोधायला एलायझा की सोन्याचे कण?

बडोद्यात नव्याने पीएचडीला लागलेल्या दोघांनी हाच प्रश्न विचारला, म्हणून लिहून टाकतो. एलायझा (प्रतिपिंडाला जोडलेलं एन्झाइम रंग चढवतं, त्यावरून मोजणारी चाचणी) १९७१पासून आहे, सगळ्यांच्या हातात बसलेली आहे, आणि प्लेटमधले ९६ वेल (छोटे खड्डे) एका दमात वाचून होतात. नमुने शेकड्यांनी असतील तर पुढे वाचूच नका.

एलायझावरून माझं मन उडालं ते एका बाटलीमुळे. सामाईक फ्रिजमधल्या पीबीएसमध्ये (पातळ करायच्या खारट बफरमध्ये) बुरशी धरू नये म्हणून कुणीतरी सोडियम अझाइड टाकलेलं, लेबलवर मात्र अक्षर नाही. मी त्यातच कॉन्जुगेट (पेरॉक्सिडेज हे एन्झाइम जोडलेलं प्रतिपिंड) पातळ केलं. अझाइडने पेरॉक्सिडेज पार निकामी होतं. तीन आठवडे प्लेटा कोऱ्या, पॉझिटिव्ह कंट्रोलसुद्धा! सीरम बदललं, टीएमबी (एन्झाइममुळे रंग धरणारं रसायन) नवं मागवलं, गाइडची बोलणी खाल्ली ती वेगळीच. बरं, प्लेट चालली तरी रंग चढणं थांबवणारं स्टॉप सोल्यूशन टाकत शेवटच्या रांगेपर्यंत पोचेस्तोवर तिथला रंग आणखी चढलेला असायचा.

सोन्याच्या कणांत एन्झाइमच नाही, त्यामुळे ती कटकटही नाही. कणावर एकीकडे प्रतिपिंडाला धरणारं प्रथिन, दुसरीकडे धातू-कार्बोनिलचं (धातूला कार्बन मोनॉक्साइड जोडलेल्या संयुगाचं) लेबल. वाचायचं ते इन्फ्रारेड प्रकाशात. कार्बोनिलचे पट्टे साधारण १९०० ते २०५० तरंगसंख्येला (सेमी⁻¹) येतात. प्रथिनांचे मोठे पट्टे १६५० आणि १५५०च्या आसपास. म्हणजे आपला संकेत मोकळ्या मैदानात उभा. शिवाय एका कणावर पुष्कळ लेबलं बसतात. नमुन्यातलं प्रतिपिंड आणि त्याला चिकटलेले कण ज्यावर धरलेत ती सोन्याचा मुलामा दिलेली काच धुवायची, वाळवायची, वाचायची; शंका आली तर दुसऱ्या दिवशी तीच काच पुन्हा. मला तरी पट्टा तसाच दिसलाय. (गंमत म्हणजे अझाइडचा स्वतःचा पट्टाही २०५०च्या जवळच येतो, पण काच नीट धुतली की तो जातो.)

त्रास इथेही आहे. काचा एकेक करून वाचाव्या लागतात. सिट्रेटचं आवरण असलेलं कणांचं सोनं प्रथिनाने झाकण्याआधी मिठाला लागलं की वाइनसारखा लाल रंग बघता बघता निळसर, आणि बॅच वाया. जुलैच्या दमट हवेत एफटीआयआरमधलं (इन्फ्रारेड वाचणाऱ्या मशीनमधलं) ओल धरणारं पोटॅशियम ब्रोमाइड जपावं लागतं, सिलिका जेल सारखं भाजावं लागतं. लेबल बनवायला सिंथेसिसवाला मित्रही हवा.

तुमचे नमुने मोजके असतील तर मी सोन्याकडे झुकेन, बाकी तुमची मर्जी. माझ्या काचा डब्यात जपून ठेवल्यात. पट्टा बघायचा असेल तर चारनंतर या, सकाळी मशीन फार्मसीवाल्यांकडे असतं.