प्रूफरीडिंगच्या नावाखाली गेलेले ११,८४८ रुपये ८२ पैसे

आधी हिशेब. 'नोंदणी शुल्क' २,४९९. त्यावर १८ टक्के जीएसटी, ४४९.८२. मग 'मानधन तयार आहे, आधी टीडीएस भरा' म्हणून टीडीएसचे, म्हणजे मानधनातून कापायच्या कराचे, २,४००. शेवटी 'करारभंगाचा दंड' ६,५००. काम काय, तर घरबसल्या मराठी प्रूफरीडिंग, ५०० पानं, पानाला ४८ रुपये, मुदत पाच दिवस. पैसे गेले, मानधन आलंच नाही. सगळी फसवणूक होती.

हावरटपणा नडला म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. या व्यवसायात शिरायला ठरलेली परीक्षा नाही, जाहिराती क्वचित निघतात, कामं ओळखीतून फिरतात. नवख्याने जायचं कुठे? शिवाय या फसवणाऱ्यांनी चाचणीही घेतली होती. उताऱ्यात चुका पेरलेल्या होत्या, आणि त्या शोधायला खरंच डोळा लागत होता. त्यावर विश्वास बसणं म्हणजे मूर्खपणा नव्हे.

संताप होतो तो फाइल उघडली तेव्हाचा आठवून. पानांचे नुसते फोटो, आणि मजकूर वर्डमध्ये नव्याने टाइप करून द्यायचा! हे प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायची प्रत, नव्हेच. प्रूफ वाचताना मूळ प्रत शेजारी असते. ओळ गळलीय की परिच्छेद दोनदा आलाय, हे त्याशिवाय कळणार कसं? खुणा समासात किंवा पीडीएफवर करायच्या, टाइप करणारा वेगळा असतो. सोबत नियमावलीही नव्हती. 'केले' ठेवायचं की 'केलं', अंक कोणते, इंग्रजी शब्दांचे ऱ्हस्वदीर्घ कसे, हे बरा प्रकाशक आधीच सांगतो. त्यांच्याकडे एकच अट, ९८ टक्के अचूकता. शब्दांच्या की अक्षरांच्या? मुद्दाम लिहिलेलं नव्हतं, म्हणजे हवं तेव्हा नापास करता येतं. आणि पहिलं प्रूफ नीट वाचायचं तर तासाला आठ-दहा पानं होतात. ५०० पानांना पन्नास-साठ तास, तेही टायपिंग सोडून. हे काम केलेला माणूस पाच दिवसांची मुदत देणारच नाही.

पावतीही बघा. जीएसटी क्रमांक १५ अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७ने सुरू होतो आणि तिसऱ्यापासून बाराव्या अक्षरापर्यंत पॅन असतो. त्यामुळे सहावं अक्षर 'पी' असेल तर व्यक्ती, 'सी' असेल तर कंपनी. पावतीवर मोठ्या अक्षरात 'प्रायव्हेट लिमिटेड' आणि सहावं अक्षर 'पी'. अनुस्वार हेरणाऱ्या डोळ्यांना तेवढं दिसू नये! टीडीएस पैसे देणारा मानधनातून कापतो. काम करणाऱ्याने तो त्याला आधी पाठवायचा नसतोच.

दंडाची 'कोर्टाची नोटीस' व्हॉट्सअॅपवर आली. खऱ्या खटल्याला १६ अक्षरी सीएनआर क्रमांक असतो, तो न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर टाकून बघा. भरू नका, उत्तरही देऊ नका.

आता पोलिसांकडे या. ठाण्यात म्हणाले, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, रक्कम लहान आहे, ठाण्यातच द्या. ठाण्यात परत गेल्यावर प्रश्न काय, तर 'तुम्हीच पाठवलेत ना पैसे?' बँकेचं उत्तर तेच, फक्त इंग्रजीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की गुन्हा कुठेही घडला असो, माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. हे कलम तक्रारदाराने तोंडपाठ करून जायचं आणि त्यांनी चहा पीत ऐकायचं! नकार मिळाला तर माहिती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, तेही त्याच कलमात आहे. पैसे गेल्यागेल्या आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकली की गोठवायला काही उरत नाही. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

काम देणारा पैसे मागत नाही. कधीच नाही. काम हवं असेल तर शासनमान्य लेखननियम पक्के करा, छापलेल्या पुस्तकाची चार पानं खुणा करून नमुना म्हणून जवळ ठेवा आणि दिवाळी अंकांची गडबड सुरू होण्याआधी, जून-जुलैत, संपादकांना थेट विचारा. तेव्हा त्यांनाच माणसं कमी पडतात. चाचणीसाठी एखादा फर्मा, म्हणजे १६ पानं, वाचायला दिला तर वाचा. त्यापुढे फुकट मागितलं तर आधी दर लेखी घ्या.