स्वस्त आयातीविरुद्ध दाद कुठे मागायची: अर्थसंकल्प, डीजीटीआर, की क्यूसीओ?

आयात माल आपल्या उत्पादनखर्चाच्याही खाली भावात बंदरावर उतरायला लागला, की उद्योग संघटनेच्या बैठकीत पहिली सूचना ठरलेली असते: दिल्लीला शिष्टमंडळ नेऊ. पण दिल्लीत नेमकं कुणाकडे? बेसिक कस्टम्स ड्युटी, म्हणजे आयातीवरचं मूळ सीमाशुल्क, अर्थ मंत्रालयाच्या हातात आहे. अँटी-डम्पिंग (निर्यातदार स्वतःच्या देशातल्या भावाखाली विकत असेल तर लागणारी जादा ड्युटी) आणि सेफगार्ड (आयात अचानक उसळली तर लागणारी ड्युटी) यांची चौकशी वाणिज्य मंत्रालयाखालच्या डीजीटीआरकडे, म्हणजे व्यापार उपाय महासंचालनालयाकडे, होते. किमान आयात किंमत आणि आयातबंधनं डीजीएफटी, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालय, लावतं. गुणवत्ता नियंत्रण आदेश, म्हणजे क्यूसीओ, त्या त्या वस्तूचं मंत्रालय काढतं. प्रत्येक ठिकाणी पुरावा वेगळा लागतो, वेळ वेगळा लागतो आणि विरोधात उभं राहणारेही वेगळे असतात. चुकीच्या दारात दोन वर्षं गेली तर तेवढ्यात एखाद-दुसऱ्या सभासदाने भट्टी विझवलेली असते.

पाच ते पंधरा उत्पादक, साधारण एकच वस्तू, एक पूर्णवेळ सचिव आणि दिल्लीत कार्यालय नाही, अशा संघटनेने कुठला मार्ग धरावा, हे इथे मांडलं आहे.

आधी आयातीची आकडेवारी मांडा

आठ अंकी एचएस कोडनुसार (कस्टम्समधला वस्तूचा वर्गीकरण क्रमांक) मागच्या चार वर्षांची आयात काढा: देश, वजन आणि किलोमागचा भाव. इथेच बऱ्याच जणांची गाडी अडते, कारण त्यांचा माल ‘इतर’ या नोंदीत दहा वेगळ्या वस्तूंबरोबर मिसळलेला असतो. मग आयात दुप्पट झाली हे सगळ्यांना माहीत असतं, पण सरकारी आकड्यांत दिसत नाही. यावर उपाय दोन. तातडीचा म्हणजे बिल ऑफ एंट्रीनिहाय (आयातदार प्रत्येक खेपेसाठी कस्टम्सला देतो तो कागद) माहिती मिळवून वर्णनावरून आपला माल वेगळा काढणं. दुसरा म्हणजे येत्या अर्थसंकल्पात आपल्या वस्तूसाठी स्वतंत्र आठ अंकी कोड मागणं. या मागणीत महसूल बुडत नाही आणि विरोधही सहसा होत नाही. तरी फार थोड्या संघटना ती करतात.

मग मुक्त व्यापार करार पाहा. आसियानबरोबरचा वस्तू व्यापार करार १ जानेवारी २०१० पासून लागू आहे. तुमचा स्पर्धक माल व्हिएतनाम, थायलंड किंवा मलेशियातून शून्य शुल्काने येत असेल, तर बेसिक ड्युटी साडेसातवरून दहा टक्के करून घेण्याचा काही उपयोग नाही. वाढलेला दर त्या मालाला लागणारच नाही. अँटी-डम्पिंग ड्युटीला मात्र कराराची सवलत लागू होत नाही. या एका मुद्द्यावर कित्येकांचा निर्णय तिथल्या तिथे व्हायला हवा.

अर्थसंकल्पाचं निवेदन

खर्च सर्वात कमी, स्पर्धा सर्वात जास्त. अर्थ मंत्रालयाचा महसूल विभाग साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सूचना मागवतो आणि अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला असतो. डिसेंबर उलटल्यावर दिलेलं निवेदन फाइलला लागतं, विचारात क्वचितच येतं.

इथे एक मागणी मनापासून ऐकली जाते: उलटी शुल्करचना. कच्च्या मालावर १० टक्के आणि पक्क्या मालावर साडेसात, अशी स्थिती असेल तर एका पानात ती दाखवा. दोन्ही कोड, दोन्हींवरचे सध्याचे दर, मागितलेला दर, तीन वर्षांची आयात, महसुलावरचा परिणाम आणि करारातल्या देशांतून किती माल येतो, एवढंच लिहा. ‘देशी उद्योगाला समान संधी’ वगैरे परिच्छेद गाळले तरी चालतात. हेच पान आधी आपल्या वस्तूच्या मंत्रालयाला द्या, म्हणजे पोलादाला पोलाद मंत्रालय, रसायनांना रसायन व खते मंत्रालय. त्यांची शिफारस आली की अर्थ मंत्रालयातल्या टॅक्स रिसर्च युनिटमध्ये कागदाचं वजन वाढतं.

सवलत मिळाली तरी ती कायमची समजू नका. कस्टम्स कायद्याच्या कलम २५ मधल्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार सशर्त सूट, आदेशात वेगळी मुदत दिलेली नसेल, तर दोन वर्षांनंतर येणाऱ्या ३१ मार्चला आपोआप संपते. ती तारीख कॅलेंडरवर नसली तर सूट जाते, आणि ती गेल्याचं बंदरावर माल अडकल्यावर कळतं.

डीजीटीआर: मेहनत मोठी, पाया भक्कम

अँटी-डम्पिंग हा निवेदनाचा मामला नाही, हा खटला आहे. कस्टम्स टॅरिफ कायद्याचं कलम ९अ आणि १९९५ चे नियम यावर तो चालतो. पहिली पायरी पात्रतेची. अर्जाला पाठिंबा देणाऱ्या उत्पादकांचं उत्पादन देशातल्या एकूण उत्पादनाच्या किमान २५ टक्के हवं आणि विरोध करणाऱ्यांपेक्षा जास्त हवं. एखादा सभासद स्वतःच तो माल आयात करत असेल किंवा परदेशी निर्यातदाराशी त्याची भागीदारी असेल, तर तो ‘देशी उद्योग’ या व्याख्येतून वगळला जाऊ शकतो. त्याला वगळून २५ टक्के भरतात का, हे वकील नेमण्याआधी मोजा.

माहिती बारकाईची लागते. साधारण बारा महिन्यांचा चौकशी कालावधी आणि त्याआधीची तीन वर्षं घेऊन क्षमता, उत्पादन, विक्री, साठा, कामगार, पगार, नफा आणि गुंतवणुकीवरचा परतावा द्यावा लागतो. उत्पादक एकमेकांना खर्चाचे आकडे दाखवायला तयार नसतात, आणि त्यात चूक काही नाही. म्हणून प्रत्येकाने आपली गोपनीय प्रत थेट सल्लागाराकडे द्यायची. विरोधकांना दाखवायच्या प्रतीत आकड्यांऐवजी १००, ९४, ८७ असे निर्देशांक जातात. ही प्रत फार पोकळ ठेवली की समोरचा वकील सुनावणीत पहिलं बोट तिच्यावरच ठेवतो.

ड्युटी किती बसेल याचा अंदाज आधी घ्या, कारण इथे अपेक्षाभंग मोठे होतात. समजा निर्यातदाराच्या देशात माल १०० रुपये किलो आणि आपल्याकडे पाठवताना कारखान्यातला भाव ८०. डम्पिंगचं मार्जिन २० रुपये. भाडं-विमा धरून तो ९० ला बंदरावर येतो, १० टक्के बेसिक ड्युटी लागून ९९ (अधिभार सोपेपणासाठी सोडून देऊ). डीजीटीआरने तुमची हानीरहित किंमत (ज्या भावाला विकून देशी उद्योगाची हानी होत नाही तो भाव) ११० काढली तर हानीचं मार्जिन ११ रुपये. भारतात या दोहोंतलं कमी मार्जिन धरतात, म्हणजे वीस नव्हे, अकरा.

यात दोन खाचा आहेत. हानीरहित किंमत तुमच्या प्रत्यक्ष खर्चावर निघत नाही. कच्चा माल, वीज आणि क्षमता यांचा त्या काळातला सर्वोत्तम वापर धरून खर्च काढतात आणि गुंतलेल्या भांडवलावर २२ टक्के परतावा देतात. आयातीमुळे कारखाना ५५ टक्क्यांवर चालत असला, पण तीन वर्षांपूर्वी ८५ वर चालला असला, तर हिशेब ८५ चा. दुसरी खाच अशी की उतरलेल्या किमतीत बेसिक ड्युटी धरलेली असते. वरच्या उदाहरणात तुम्ही अर्थसंकल्पात ती २० टक्के करून घेतली, तर माल १०८ ला उतरेल आणि हानीचं मार्जिन अकरावरून दोनवर येईल. एका दारात मिळवलेलं दुसऱ्या दारात वजा होतं. म्हणून दोन्ही मागण्या एकाच वर्षी लावून धरण्याआधी हा हिशेब कागदावर करा.

वेळ पाहिली तर तयारीला सहा महिने, चौकशी सुरू झाल्यापासून अंतिम निष्कर्षाला एक वर्ष (ते सहा महिन्यांनी वाढू शकतं) आणि त्यानंतर अर्थ मंत्रालयाला तीन महिने. निष्कर्ष तुमच्या बाजूने लागला तरी ती शिफारस असते, ड्युटी अर्थ मंत्रालय लावतं. २०२० नंतर अर्थ मंत्रालयाने शिफारशी न स्वीकारण्याचं प्रमाण ठळकपणे वाढलं. त्यामुळे निष्कर्ष हाती आला म्हणून संघटनेने थांबायचं नसतं. निम्मं काम तिथून पुढे असतं. ड्युटी लागली तर पाच वर्षं मिळतात आणि मुदतीआधी पुनरावलोकनाचा अर्ज केला तर वाढूही शकतात. इतकी स्थिर मुदत दुसऱ्या कुठल्याच मार्गात नाही.

सेफगार्डची गोष्ट वेगळी. तिथे समोरचा अन्याय्य भावात विकतो हे सिद्ध करावं लागत नाही. आयात अचानक उसळली आणि गंभीर हानी झाली एवढं दाखवायचं असतं. मात्र ‘गंभीर’ हा निकष अँटी-डम्पिंगपेक्षा कडक आहे आणि या काळात उद्योग स्वतःला कसा सावरेल याची योजनाही द्यावी लागते. वेग मोठा असतो. पोलादाच्या चपट्या मालाची चौकशी डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली आणि २१ एप्रिल २०२५ ला २०० दिवसांसाठी १२ टक्के तात्पुरती ड्युटी लागली. हा वेग पोलादासारख्या मोठ्या, एकजूट असलेल्या उद्योगाला झेपतो. दहा मध्यम कारखान्यांची माहिती चार महिन्यांत त्या दर्जाची तयार होणं अवघड.

डीजीएफटी आणि क्यूसीओ

किमान आयात किंमत एका अधिसूचनेने लागते. जून २०२३ मध्ये २० रुपयांखालच्या सिगारेट लायटरना आणि जानेवारी २०२४ मध्ये किलोमागे १२९ रुपयांखालच्या स्क्रूंना आयातबंदी झाली. छोट्या, विखुरलेल्या उद्योगांना, जिथे २५ टक्क्यांची पात्रता जमवणंच कठीण, हा मार्ग जवळचा वाटतो आणि तो तसा आहेही. पण जे एका अधिसूचनेने येतं ते एका अधिसूचनेने जातं. ऑगस्ट २०२३ मध्ये लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याची अट जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी ती पुढे ढकलावी लागली. शिवाय कागदावर भाव वाढवून दाखवणारा आयातदार किमान किमतीच्या वर सहज बसतो.

क्यूसीओबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: माल खरोखर निकृष्ट किंवा धोकादायक येत असेल तरच मागा. आयात रोखायचं हत्यार म्हणून मागाल तर ते उलटतं. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) परवाना परदेशी कारखान्याला लागतो तसा तुमच्या प्रत्येक सभासदालाही लागतो: प्रयोगशाळा, चाचण्या, मार्किंग फी, दर मानकाला वेगळा परवाना. संघटनेतल्या सर्वात छोट्या कारखान्याला ते जमेल का, हे त्याला विचारल्याशिवाय ठराव करू नका. मसुदा जागतिक व्यापार संघटनेला कळवून साधारण ६० दिवस हरकतींना द्यावे लागतात, हाही वेळ धरा.

समोर कोण बसलेलं आहे

मार्ग कुठलाही धरा, तुमचा माल कच्चा माल म्हणून वापरणारे तिथे हजर असतात. पीटीए, म्हणजे पॉलिस्टरचा कच्चा माल, याचं उदाहरण समोर ठेवा. त्यावरची अँटी-डम्पिंग ड्युटी फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात सार्वजनिक हिताचं कारण देऊन काढली गेली. पुढे त्यावर क्यूसीओ आला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये पॉलिमर व धाग्यांच्या इतर आदेशांबरोबर तोही मागे घेतला गेला. बनवणारे मोजके, वापरणारे हजारो, आणि त्या हजारांच्या हातात रोजगाराचा आकडा. तुमच्या वस्तूची स्थिती अशी असेल तर कुठलंही संरक्षण कच्च्या पायावर उभं आहे असं समजून चला.

याला उत्तर एकच, वापरकर्त्याचा हिशेब तुम्हीच आधी मांडा. पक्क्या मालाच्या खर्चात तुमची वस्तू ४ टक्के असेल आणि ड्युटी ११ टक्के, तर त्याचा खर्च ०.४४ टक्के वाढतो. हा आकडा डीजीटीआरच्या आर्थिक हिताच्या प्रश्नावलीत द्या आणि अर्थ मंत्रालयालाही द्या. तोच हिशेब ५ टक्क्यांवर जात असेल तर ड्युटीची मागणी सोडून कच्च्या मालावरची सूट मागणं शहाणपणाचं.

मोठ्या चेंबरच्या लेटरहेडवरही याच कारणाने फार भिस्त ठेवू नका. त्यांच्या सभासदांत बनवणारेही असतात आणि वापरणारेही, म्हणून पत्र येतं ते ‘समतोल विचार व्हावा’ असं. वेळ मिळवून देणं, योग्य सहसचिवापर्यंत पोचवणं, यासाठी चेंबर उपयोगी. मागणी मात्र वस्तूच्या संघटनेच्या नावानेच जाऊ द्या.

मग निवड

आयात प्रामुख्याने करारातल्या देशांतून असेल किंवा एक-दोन देश मूळ भावाखाली विकत असतील, आणि २५ टक्के उत्पादन एकत्र येत असेल, तर अँटी-डम्पिंग. वकील आणि कॉस्ट अकाउंटंटचा खर्च उत्पादनाच्या प्रमाणात वाटून घेण्याचा ठराव पहिल्याच बैठकीत करा. हे नंतरवर टाकलं की अर्ज माहितीअभावी नव्हे, वर्गणीअभावी रखडतो. त्रास उलट्या शुल्कामुळे असेल तर फक्त अर्थसंकल्प, दर वर्षी, त्याच एका पानाने. उत्पादक शेकड्यांनी विखुरलेले असतील तर किमान आयात किंमत मागा, पण ती मिळाल्या दिवसापासून स्वतंत्र कोड आणि खर्चाच्या नोंदी यांच्या मागे लागा, म्हणजे अधिसूचना गेली तर डीजीटीआरकडे न्यायला हातात काहीतरी असेल.

सौर पॅनेलवाल्यांनी मार्ग बदलत नेले तो क्रम पाहण्यासारखा आहे. जुलै २०१८ मध्ये सेफगार्ड ड्युटी २५ टक्क्यांनी सुरू झाली आणि टप्प्याटप्प्याने उतरत जुलै २०२१ मध्ये संपली. १ एप्रिल २०२२ पासून मॉड्यूलवर ४० आणि सेलवर २५ टक्के बेसिक ड्युटी लागली. सोबत मान्यताप्राप्त उत्पादकांच्या यादीची अट आली, ती एक वर्ष स्थगित राहिली आणि एप्रिल २०२४ पासून पुन्हा लागू झाली. एक संपण्याआधी पुढच्याची तयारी झालेली होती.