घरी येऊन रक्त घेणारी आमची लॅब : सुई चोख, रिपोर्ट थोडा अपुरा

आईच्या लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबी) आणि लिव्हर फंक्शन (यकृताचे काम) या तपासण्या आम्ही पुण्यात घराजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबकडून करून घेतो. लॅबला एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे. ही मान्यता सरसकट नसते, तपासणीनिहाय असते, त्यामुळे आपल्याला हवी असलेली तपासणी त्या यादीत आहे ना, हे प्रत्येकाने पाहून घ्यावे.

या लॅबची खरी जमेची बाजू म्हणजे रक्त घेण्याची पद्धत. सकाळी येणारा टेक्निशियन आधी आईला खुर्चीत शांत बसवतो, "काकू, रात्री किती वाजता जेवलात? नवीन गोळी काही सुरू झाली आहे का?" असे विचारून उत्तर फॉर्मवर लिहितो, आणि सुई शिरेत जाऊन रक्त येऊ लागताच दंडाची पट्टी सोडतो. पट्टी मिनिटाहून अधिक वेळ आवळलेली राहिली, तर शिरेतील पाण्याचा अंश बाहेर झिरपून रक्त दाट होते आणि प्रथिने व कोलेस्टेरॉल प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतात. पिवळ्या टोपणाची ट्यूब तो हलक्या हाताने उलटसुलट करतो, जोरात हलवत नाही. कारण तांबड्या पेशी फुटल्या, तर त्यांच्यातील एसजीओटी (यकृताच्या तपासणीत मोजले जाणारे एक एन्झाइम) नमुन्यात मिसळते आणि यकृत ठणठणीत असतानाही आकडा वाढतो. उजेडाने बिलिरुबिन (यकृताच्या तपासणीत मोजले जाणारे पिवळे रंगद्रव्य) कमी होते, म्हणून ट्यूब लगेच बंद पेटीत जाते. मशीन कितीही महागडे असो, नमुना इथेच बिघडला तर पुढे कोणीही तो सुधारू शकत नाही.

उपाशीपोटाबाबत लॅब १२ तासांचा आग्रह धरते. जेवणाचा मोठा परिणाम ट्रायग्लिसराइड्सवर, म्हणजे रक्तातील एका प्रकारच्या चरबीवर, होतो. एकूण कोलेस्टेरॉल आणि एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) फारसे हलत नाहीत. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी इतका वेळ उपाशी राहण्यापूर्वी डॉक्टरांना जरूर विचारावे.

तक्रार आहे ती पॅकेजच्या जाहिरातीबद्दल. तपासण्यांची संख्या मोठी दाखवली जाते, पण त्यातल्या कित्येक ओळी निव्वळ वजाबाकी-भागाकाराच्या असतात. एकूण प्रथिनांतून अल्ब्युमिन हे एक प्रथिन वजा केले की ग्लोब्युलिन मिळते, दोघांचा भागाकार म्हणजे ए/जी रेशो. एकूण बिलिरुबिनमधून ‘डायरेक्ट’ हा त्याचा एक प्रकार वजा केला की ‘इनडायरेक्ट’ हा दुसरा उरतो. या ओळी डॉक्टरांच्या कामाच्या आहेतच, परंतु त्यांना स्वतंत्र तपासण्या म्हणून मोजणे ग्राहकाशी सरळ व्यवहार नव्हे.

एलडीएलचे, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे, तर अधिकच महत्त्वाचे. कोलेस्टेरॉल २१२, एचडीएल ४४ आणि ट्रायग्लिसराइड्स १६० असतील, तर १६० ला ५ ने भागून आलेले ३२ आणि एचडीएलचे ४४ वजा जाता एलडीएल १३६ येते. १९७२ मध्ये मांडलेले फ्रिडेवाल्ड यांचे हे सूत्र ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर गेले की लागू पडत नाही. मात्र आमच्या रिपोर्टमध्ये एलडीएल मोजले की सूत्राने काढले, याचा उल्लेखच नव्हता. विचारल्यावर लॅबच्या डॉक्टरांनी फोनवर नीट समजावून सांगितले, तरी ती माहिती छापील कागदावर असायला हवी, कारण पुढचे औषध त्याच आकड्यावर ठरते. तशी लेखी विनंती मी काउंटरवर दिली आहे. ज्यांचे ट्रायग्लिसराइड्स खूप वाढलेले असतात, त्यांनी तूर्तास येथे नोंदणी करतानाच ‘डायरेक्ट एलडीएल’, म्हणजे सूत्राने न काढता थेट मोजलेले, हवे, असे स्पष्ट सांगावे.